किर्शनरच्या वुडकटमधले डोंगर इतके जवळ का येतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकाराने स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ राहून डोंगरांची जी वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून छापलेली चित्रे, केली, त्यांत पर्वत अंगावर आल्यासारखे का वाटतात, त्यामागे त्याचे मानसिक आजारपण होते असे जे सर्रास सांगितले जाते ते कितपत खरे आहे, आणि आपण स्वतः प्लायवूडवर डोंगर कोरता तेव्हा छापून आलेले चित्र काळ्या पेनने काढल्यासारखे का दिसते. हे तीन निरनिराळे प्रश्न वाटत असले, तरी इतकी वर्षे ब्लॉक, म्हणजे छापायच्या फळ्या, कोरल्यावर आणि छापल्यावर माझे मत असे झाले आहे की त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे लाकडाच्या फळीतच, शोधावे लागते.

वुडकटमध्ये मधला करडा टोन नसतो. जिथे लाकूड शिल्लक राहते तिथे शाई लागते, जिथे ते कोरून काढले जाते तिथे कागद कोरा राहतो, आणि या दोहोंच्या मध्ये काहीही नसते. आता डोंगराचे निसर्गचित्र करणाऱ्या कोणत्याही चित्रकाराला विचारा की दूरचा डोंगर दूर कसा दाखवता. तो सांगेल की हवेने. जवळची रांग गडद आणि उबदार, तिच्यामागची थोडी फिकी, तिच्याही मागची निळसर, आणि शेवटची आकाशात जवळजवळ विरघळलेली. जलरंगात हे एका ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, साधते. फळीवर कोरताना हे साधन हातातून निघून जाते, कारण लाकडात धुके कोरता येत नाही. दूरची रांग जवळच्या रांगेइतकीच काळी छापली जाते आणि तितक्याच ठामपणे समोर उभी राहते. आपल्याला जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो, त्याचे पहिले कारण हे आहे, आणि ते कलावंताच्या मनाच्या आधी माध्यमाच्या स्वभावात आहे.

या अडचणीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग जपानी कलावंतांनी फार पूर्वीच शोधला होता. एका चित्रासाठी अनेक ब्लॉक कोरायचे, पाण्यातले रंग ब्रशने ब्लॉकवर लावायचे, आणि ओल्या रंगाची छटा ब्लॉकवरच हळूहळू फिकी करत न्यायची. या छटेला ते बोकाशी म्हणतात. हिरोशी योशिदाने 1925 मध्ये मॅटरहॉर्न शिखराची दिवसाची आणि रात्रीची छापचित्रे केली आणि 1931 मध्ये कांचनगंगेची केली. त्यांत बर्फावरचा प्रकाश इतका हळुवारपणे उतरतो की हे लाकडावरून छापले आहे हे क्षणभर विसरायला होते. ते कौशल्य निर्विवाद आहे. परंतु अभिव्यक्तिवाद्यांनी नेमके हेच नको म्हटले. लाकडाने लाकडासारखे दिसावे, पाहणाऱ्याला हत्याराचा फटका कळावा आणि धुके जर लाकडात नसेल तर चित्रातही नसावे, असा त्यांचा आग्रह होता. योशिदाने माध्यमाची मर्यादा ओलांडली, किर्शनरने तिच्यावरच चित्र उभे केले, आणि डोंगराच्या बाबतीत मला दुसरा निर्णय अधिक धाडसी वाटतो.

अंतर दाखवायचे साधन गेल्यावर जागा दाखवायची कशी, हा प्रश्न उरतोच. किर्शनरचे उत्तर असे की जे मागे आहे ते वर चढवायचे. त्याच्या दावोसच्या छापचित्रांत क्षितिज कागदाच्या वरच्या कडेजवळ ढकललेले असते, आकाशाला अरुंद पट्टी मिळते, आणि खालपासून वरपर्यंत कुरण, झोपडी, झाडे, उतार, कडा असे सगळे एकावर एक रचले जाते. पुष्कळ समीक्षक याला विकृतीकरण म्हणतात. परंतु त्या प्रदेशाची रचना ज्याला माहीत आहे त्याला हे इतके विकृत वाटणार नाही. दावोसची दरी सुमारे 1,560 मीटर उंचीवर आहे, आणि किर्शनर 1917 च्या उन्हाळ्यात ज्या श्टाफेलआल्प नावाच्या कुरणावरच्या झोपडीत राहायला गेला ते आणखी वर, सुमारे 1,900 मीटरवर आहे. अशा उतारावर उभ्या असलेल्या माणसासमोर मैदान नसते आणि क्षितिजही नसते. समोर असतो दरीपलीकडचा दुसरा उतार, थेट डोळ्यांच्या पातळीवर, उभ्या भिंतीसारखा. शिवाय त्या उंचीवरची थंडीतली हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ असते की पलीकडच्या उतारावरची झाडे वेगवेगळी दिसतात. म्हणजे ज्या हवेने दूरचे दूर दिसते ती हवा तिथे मुळातच विरळ आहे. फळीचा स्वभाव आणि त्या दरीचा स्वभाव जुळले, आणि ते जुळतात हे ओळखणारा माणूस तिथे येऊन राहिला. पर्यटक म्हणून आठवडाभर आलेल्या चित्रकाराने हेच डोंगर खालच्या रस्त्यावरून पाहिले असते आणि त्यांची शिखरे रंगवली असती.

आता आजारपणाविषयी. दावोस हे नाव आपल्याकडे हल्ली गुंतवणूक परिषदेच्या बातम्यांमुळे घरोघरी पोहोचले आहे, पण त्या काळी ते क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध होते. किर्शनर तिथे जानेवारी 1917 मध्ये प्रथम आला तो खरोखरच खचलेल्या अवस्थेत. 1880 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 1905 मध्ये ड्रेस्डेनमध्ये एरिख हेकेल, कार्ल श्मिट-रोटलुफ आणि फ्रिट्झ ब्लायल यांच्याबरोबर ‘ब्रुके’ म्हणजे ‘पूल’ हा गट स्थापन केला होता आणि 1906 मध्ये त्या गटाचा जाहीरनामा स्वतः लाकडात कोरून छापला होता. पुढे बर्लिनमध्ये 1913 साली तो गट फुटला, 1915 मध्ये सैन्यात भरती झाल्यावर काही महिन्यांतच त्याची प्रकृती कोसळली, आणि मग एकामागून एक आरोग्यधामे, झोपेची औषधे, मॉर्फीनचे व्यसन आणि हातापायांतली ताकद जाणे असा तो काळ गेला. 1917 च्या शरद ऋतूत त्याला क्रॉयत्सलिंगेनच्या बिन्सवांगर आरोग्यधामात दाखल व्हावे लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा श्टाफेलआल्पवर परतला. हे सगळे खरे आहे. यावरून तो डोंगरात का गेला हे कळते. त्याने डोंगर तसे का कोरले हे मात्र कळत नाही.

माझा आक्षेप कारागिराचा आहे. मोडलेल्या मनाचा झटका कागदावर कोळशाने उमटू शकतो, कारण कोळसा हाताच्या प्रत्येक थरथरीची नोंद करतो. लाकडावर तसे होत नाही. फळी निवडावी लागते, घासावी लागते, काय काळे ठेवायचे हे आधी ठरवावे लागते, हत्याराला धार लावावी लागते, आणि एकदा काढलेले लाकूड परत लावता येत नाही. या प्रक्रियेत उतावळेपणाला जागा फार कमी असते. शिवाय टोकदार, तुटक, कोनांत मोडणारी ही भाषा त्याला आजारपणाने दिलेली नाही. ड्रेस्डेन आणि बर्लिनच्या काळातच ती त्याच्या हातात पक्की बसली होती, आणि त्याने आयुष्यभरात नऊशेहून अधिक वुडकट केली. आजारपणाने त्याला शहरापासून तोडले आणि उताराच्या समोर बसवले, एवढेच मी म्हणेन. त्या दिवसांतले डोंगरावरच्या कुरणांतल्या झोपड्यांचे आणि गुरे वर चढवणाऱ्या शेतकऱ्यांचे ब्लॉक पाहिले तर मला त्यांत भीतीपेक्षा लक्ष अधिक दिसते: छपरावर दगड कसे ठेवलेले आहेत, कुंपण कुठे वाकले आहे, बाई कोणत्या खांद्याने ओझे उचलते आहे. काळा रंग म्हणजे भय, हे समीकरण वुडकटपुरते तरी सोडून द्यावे. इथे काळा म्हणजे न कोरलेले लाकूड.

एक छापचित्र जरा जवळून पाहू. 1919 च्या जानेवारीत, पहाटे चंद्र मावळताना पाहून त्याने लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात लहान गुलाबी ढगांमधला पिवळा चंद्र आणि शुद्ध, खोल निळे डोंगर यांचे वर्णन येते. त्याच अनुभवातून ‘हिवाळी चांदरात’ हे रंगीत वुडकट झाले आणि त्याच वर्षीचे एक मोठे तैलचित्रही झाले, जे आता डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. वुडकट जवळजवळ चौरस असून त्याची बाजू सुमारे 30 सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्या वर्तमानपत्राच्या एका पानात सहज मावेल इतके. त्यात झाडे भाल्यांसारखी वर गेलेली आहेत, त्यांच्यामागे डोंगरांची धार आहे, आणि वर ढगांच्या आकारांमधून चंद्र आहे. पाहण्याची गोष्ट ही की ढग आणि डोंगर यांच्या आकारांत हत्याराच्या दृष्टीने काहीच भेद केलेला नाही. दोन्ही सारख्याच कडक कडांनी कोरलेले आहेत. निसर्गात एक वाफ आहे आणि दुसरा दगड, पण फळीवर दोन्ही लाकूडच, आणि त्याने ते लपवले नाही. त्यामुळे आकाश डोंगराइतके जड होते आणि डोंगर आकाशाइतका हलतो. चंद्रप्रकाशात खरोखरच असे घडते, कारण त्या उजेडात पृष्ठभागाचा पोत दिसत नाही, फक्त आकार दिसतात.

आणखी एक बाब पुस्तकातल्या छायाचित्रात कधीच कळत नाही. या चित्राच्या ज्या प्रती निरनिराळ्या संग्रहांत आहेत, त्यांचे रंग एकमेकींशी जुळत नाहीत. कारण किर्शनर प्रत्येक प्रत स्वतः छापत असे, ब्लॉकच्या भागांवर रंग अनेकदा ब्रशने वेगवेगळा लावत असे, आणि एकसारख्या शंभर प्रती काढण्यात त्याला काडीचाही रस नव्हता. त्याच्या बऱ्याच छापचित्रांखाली पेन्सिलने ‘आयगेनड्रुक’ असे लिहिलेले असते, म्हणजे स्वतः छापलेली प्रत. लुई द मार्साल या टोपणनावाने त्याने 1921 मध्ये स्वतःच्याच छापचित्रांवर एक लेख प्रसिद्ध केला. समीक्षक म्हणून स्वतःच स्वतःबद्दल लिहिण्याचा हा प्रकार कुणाला खटकेल, पण त्या लेखातला मुद्दा प्रत्येक छापचित्रकाराने मनावर घ्यावा असा आहे. कलावंत जेव्हा स्वतः छापतो तेव्हाच त्या कामाला मूळ छापचित्र म्हणावे, असे तो तिथे बजावतो. म्हणून ‘हिवाळी चांदरात कोणत्या रंगाची आहे’ या प्रश्नाला उत्तर नाही. शक्य असेल तर दोन-तीन संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरच्या प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. ब्लॉक तोच राहून वेळ आणि थंडी कशी बदलते हे त्यातून शिकायला मिळते.

किर्शनर या वाटेने जाणारा पहिला नव्हता, हेही सांगणे भाग आहे. फेलिक्स व्हालोताँ या लोझानमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने 1892 मध्येच मॅटरहॉर्न, युंगफ्राऊ, माँ ब्लाँ अशा शिखरांची काळी-पांढरी वुडकट केली होती आणि बर्फ म्हणजे कोरा कागद हा साधा पण मोठा शोध त्यांत स्पष्ट दिसतो. एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराने 1890 च्या दशकात ब्लॉक करवतीने कापून, तुकड्यांना वेगवेगळे रंग लावून, ते पुन्हा जुळवून एकदमच छापण्याची रीत वापरली आणि फळीच्या अंगच्या लाकडी रेषा चित्रात बोलक्या केल्या. व्हालोताँ थंड आणि मोजका आहे, मुंक समुद्राकाठचा आहे. उतारावर राहणाऱ्यांचे डोंगर मात्र किर्शनरनेच दिले, असे मी ठामपणे म्हणेन.

आता आपल्या स्वतःच्या कामाकडे येतो. छापलेले चित्र पेनने काढल्यासारखे दिसते याचे कारण बहुधा असे असावे की आपण आधी कागदावर काळ्या रेषांनी डोंगर काढता, तो फळीवर उतरवता, आणि मग त्या रेषा जपत त्यांच्या आजूबाजूचे सगळे लाकूड काढून टाकता. यात सगळे कष्ट रेषा वाचवण्यात जातात आणि हत्याराला स्वतःचे असे काही करता येत नाही. जुन्या युरोपीय वुडकटमध्ये हीच पद्धत होती, कारण तिथे चित्र काढणारा एक आणि कोरणारा दुसरा असे. आपण दोन्ही कामे स्वतः करत असताना ही पद्धत पाळण्याचे काही कारण नाही. पुढच्या वेळी फळीला आधी पातळ काळी शाई फासून ती वाळू द्यावी, तिच्यावर पांढऱ्या खडूने फक्त उजेडाचे मोठे आकार आखावेत, आणि मग उजेड कोरायला सुरुवात करावी. काळी फळी म्हणजे रात्र धरली, तर हत्याराच्या प्रत्येक फटक्याने थोडे उजाडते. कोणता उतार उजळायचा आणि कोणता तसाच सोडायचा हा एकच प्रश्न मग आपल्यासमोर राहतो, आणि डोंगराच्या चित्रात खरा प्रश्न तोच असतो.

उदाहरणादाखल एक सूचिपर्णी झाड घेऊ. रेषेने काढणारा विद्यार्थी मध्ये खोड काढतो, दोन्ही बाजूंना फांद्या काढतो, आणि मग त्या बारीक फांद्यांच्या मधले लाकूड टोकरत बसतो. त्यातल्या निम्म्या फांद्या कोरतानाच तुटतात आणि उरलेल्या छापताना शाईने बुजतात. उजेडाने कोरणारा आधी एक काळी उभी पाचर तशीच सोडतो. तिच्या डाव्या कडेला व्ही-टूलने, म्हणजे व्ही आकाराच्या पात्याच्या हत्याराने, वरून खाली तिरके चार-पाच फटके देतो, उजव्या कडेला दोन किंवा तीनच, आणि तेही असमान अंतरावर. बस्स, झाड उभे राहते. उजव्या बाजूला फटके कमी म्हणून ती बाजू सावलीत जाते, आणि झाडामागचा बर्फ मोठ्या यू-गाऊजने, म्हणजे गोल पात्याच्या पटाशीने, साफ केला की झाड उतारावर रोवले जाते. किर्शनरची झाडे अशीच घडलेली आहेत. त्यांत फांद्या कमी आहेत, पण प्रत्येक झाडाचा कल वेगळा आहे, आणि वारा कुठून येतो हे त्या कलावरून समजते.

लाकूड काढताना मागे राहणाऱ्या बारीक कण्यांबद्दल नवशिक्यांना फार चिंता वाटते. मोकळी जागा साफ केली तरी गाऊजच्या दोन चरांमध्ये लाकडाची धार उरते, तिला रोलरची शाई लागते, आणि कोऱ्या बर्फावर काळ्या तुटक रेषा उमटतात. त्या सरसकट घासून काढू नयेत. अभिव्यक्तिवादी छापचित्रांची अर्धी जान त्यांच्यातच असते, पण एका अटीवर: त्या रेषांची दिशा उताराची दिशा असली पाहिजे. उतार डावीकडे उतरत असताना आपण सोयीसाठी आडवे कोरत गेलात, तर छापल्यावर बर्फ त्या उताराशी भांडताना दिसेल. म्हणून मोकळ्या जागेतही बर्फ ज्या दिशेने घसरेल त्याच दिशेने हत्यार चालवावे. ही सवय लागली की जे निरुपयोगी म्हणून उरते तेच जमिनीचा आकार सांगू लागते.

फळीच्या रेषांशी डोंगराच्या कडेचे जे नाते आहे, त्याविषयीही थोडे सांगतो, कारण प्लायवूडवर हाच सगळ्यांत मोठा त्रास असतो. रेषांच्या दिशेने हत्यार सरळ चालते. रेषा आडव्या छेदल्या की काठ फाटतात. आणि तिरके कोरले की चराची एक बाजू गुळगुळीत निघते, दुसरी खडबडीत. डोंगराच्या कडा बहुतेक तिरक्याच असतात, त्यामुळे प्रत्येक कडेला एक स्वच्छ आणि एक फाटकी बाजू मिळते. स्वच्छ बाजू हवी तिथे आधी धारदार चाकूने रेघ मारून घ्यावी आणि मग गाऊज चालवावा. फाटकी बाजू खडकाकडे वळेल असे आखता आले तर ती न सांगता खडकाचे काम करते. साध्या प्लायवूडचा वरचा थर फार पातळ असतो आणि त्याच्याखालच्या थराच्या रेषा काटकोनात असतात. हत्यार तिथे उतरले की अडकते आणि मोठी चिपटी उडते. म्हणून उथळ कोरावे, पहिल्या डिंकाच्या थरापाशी थांबावे, आणि शक्य असेल तर पाइनची जाड फळी मिळवावी. पाइनवर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने दाबून फिरवला की मऊ लाकूड खरवडले जाते आणि कठीण रेषा उठून येतात. त्या आकाशात छापल्या की ढगांचे काम वेगळे करावे लागत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, सर्व दिशांना सारखेच कोरले जाते, पण त्याला स्वतःच्या रेषा नाहीत, आणि या प्रकारच्या कामात मला तो तोटा वाटतो.

आपण सह्याद्री कोरता असे लिहिले आहे, म्हणून एक सावधगिरी सुचवतो. किर्शनरचे टोकदार त्रिकोण उचलून हरिश्चंद्रगडावर बसवू नयेत. आल्प्स वळ्या पडून आणि एकमेकांवर ढकलले जाऊन उभे राहिले, म्हणून तिथे तिरकस आणि उभे जोर दिसतात. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याचे बळ आडव्या पट्ट्यांत आहे, कातळकडा आणि त्याखालची उतरती माती, पुन्हा कडा आणि पुन्हा उतार. फळी अशी धरावी की तिच्या रेषा आडव्या जातील, मग कातळाचे थर आपोआप हाताशी येतात. किर्शनरकडून आकार न घेता पद्धत घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. आपल्याकडे पावसाळ्यातले धुके हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी काळ्या ब्लॉकवर विसंबू नये. एकतर डोंगराचा मधला भाग सरळ कोरा सोडावा, किंवा चित्रासाठी कोरड्या दिवसांतला स्पष्ट डोंगर निवडावा.

छापण्याबद्दल मोजकेच सांगतो. शाई घट्ट हवी. ऑफसेटची शाई वापरत असाल आणि ती फार पातळ वाटली तर तिच्यात थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळावी. रोलरचा आवाज चिकट, बारीक सरसर असा आला पाहिजे. पचपच आवाज आला म्हणजे शाई जास्त झाली आणि बारीक चर बुजणार. प्रेस नसल्यास खंत करू नये. पातळ पण चिवट कागद, नेपाळी किंवा जपानी किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा पातळ हातकागद, ब्लॉकवर ठेवून पाठीमागून लाकडी किंवा स्टीलच्या चमच्याने रगडावे. चमच्याचा एक फायदा असा की दाब जागोजाग बदलता येतो. पुढचे झाड पूर्ण काळे हवे तिथे जोर लावून रगडा, मागच्या रांगेवर चमचा हलकाच फिरवा. रांग थोडी विरळ, दाणेदार छापली जाईल, आणि जे धुके कोरता येत नव्हते त्याचा थोडा अंश छपाईत परत मिळेल. ब्रुके गटाच्या चित्रकारांच्या हाताने छापलेल्या प्रतींत असा असमान काळा रंग पुष्कळदा दिसतो, आणि यंत्रावर छापलेल्या एकसंध काळ्यापेक्षा तो कितीतरी जिवंत वाटतो.

रंग घालायचे असल्यास मुंकची करवतीची पद्धत डोंगराला फार सोयीची पडते, कारण डोंगराची धार हीच कापण्याची रेषा होते. आकाशाचा तुकडा वेगळा, डोंगराचा वेगळा, पुढच्या उताराचा वेगळा. प्रत्येकाला स्वतंत्र रोलरने रंग लावून तिन्ही पुन्हा जुळवायचे आणि एकाच कागदावर एकदमच छापायचे. करवतीने जेवढे लाकूड खाल्ले तेवढी बारीक पांढरी रेघ सांध्यावर येते. ती झाकण्याचा प्रयत्न करू नये. बर्फाळ धारेवर ती शोभते. दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवावी की छाप आरशासारखा उलटा येतो. ओळखीचा डोंगर असेल तर लोकांना ते लगेच खटकते, तेव्हा आधीच रेखाटन उलटे करून घ्यावे. मात्र डोंगराची ओळख पटवणे हा हेतू नसेल तर थेट फळीवर, समोर दिसते तसे कोरावे. उलटा झालेला उतार आपल्यालाच नवा दिसतो आणि रचनेतले दोष लगेच कळतात.

आपण आणखी कोणाचे काम पाहावे असे विचारले आहे. किर्शनरकडे 1920 मध्ये वास्तुविशारद आंरी व्हान द व्हेल्द यांची तरुण मुलगी नेले राहायला आली होती. श्टाफेलआल्पवरच्या त्या दिवसांवर तिने केलेली वुडकट साधी आणि ताजी आहेत, आणि नवशिक्याने ती जरूर पाहावीत. त्याच वर्षी यान व्हीगर्स हा डच चित्रकार दावोसला आला आणि तिथे शिकलेली रीत ग्रोनिंगेनच्या अगदी सपाट मुलखात घेऊन गेला. डोंगर नसताना ही भाषा कशी वागते हे त्याच्या कामात दिसते. बाझेलचे हेर्मान शेरर आणि आल्बर्ट म्युलर किर्शनरकडे येऊन राहिले आणि 1924 च्या अखेरीस त्यांनी ‘रोट-ब्लाऊ’ म्हणजे ‘लाल-निळा’ हा गट काढला, पण म्युलर 1926 मध्ये आणि शेरर 1927 मध्ये, दोघेही ऐन तारुण्यात गेले. शेरर मूळचा दगडावर काम करणारा. त्याच्या ब्लॉकमध्ये हत्याराचा जोर किर्शनरपेक्षाही उघडा आहे. किर्शनर स्वतः 1923 मध्ये जवळच्याच विल्डबोडेनच्या घरात राहायला गेला आणि पुढे त्याचे आकार गुळगुळीत आणि सपाट होत गेले. तो काळ मला तितकासा भिडत नाही, तरी त्याच्या समर्थकांची बाजू वाचून घ्यावी.

मूळ प्रती पाहण्याची संधी मिळाली तर दावोसचे किर्शनर संग्रहालय, बर्लिनचे ब्रुके संग्रहालय आणि फ्रँकफर्टचे श्टेडेल ही तीन ठिकाणे आधी धरावीत. 1937 मध्ये नाझी राजवटीने त्याच्या 639 कलाकृती जर्मन संग्रहालयांतून काढून टाकल्या. 15 जून 1938 रोजी त्याने आयुष्य संपवले, आणि त्याआधी आपले काही ब्लॉकही नष्ट केले. त्यामुळे ज्या प्रती उरल्या त्या मोजक्या आहेत. प्रतीच्या मागच्या बाजूला त्याच्या वारशाचा, म्हणजे त्याच्यामागे राहिलेल्या कामांवर मारलेला, बाझेलचा शिक्का असेल तर त्यासोबतची अक्षरे वाचावीत: ‘एच’ म्हणजे वुडकट, आणि ‘दा’ म्हणजे दावोसचा काळ. चित्रावरच्या सालावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण किर्शनर आपल्या कामांवर मागची साले घालत असे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

शेवटी, आपण पाठवलेल्या छायाचित्रातल्या ब्लॉकबद्दल. तो टाकून देऊ नये. त्यातली डावीकडची अर्धी रांग रेषांनी भरून गेली आहे. त्या रेषांपैकी एकाआड एक सरळ काढून टाका आणि मधली कोरी जागा मोठी होऊ द्या. मग चमच्याने पाच प्रती छापा, प्रत्येक वेळी आकाशाला थोडा वेगळा रंग लावून. त्या पाच प्रतींवर आवृत्तीचे क्रमांक टाकू नयेत, कारण क्रमांक म्हणजे सगळ्या प्रती सारख्या असल्याची हमी. प्रत्येकीखाली तारीख, कागदाचे नाव आणि ‘स्वतः छापलेली प्रत’ एवढे पेन्सिलने लिहावे.